हुजूर, एक कागद आला

चाचांच्या शर्टाच्या कॉलरखाली कायम सात टाचण्या खोचलेल्या असत. सहा रोजच्या कामाच्या आणि एक अडीअडचणीची. ती सातवी टाचणी निघालेली मी एकदाच पाहिली, आणि ती वेळ माझ्यामुळे आली होती. ते सांगायचंच आहे, पण आधी चाचा कसे होते ते सांगते.

आम्ही दोघं लातुरातल्या एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात होतो. क्लास कोणता ते विचारू नका. त्या काळात लातुरात दर तिसऱ्या इमारतीवर कुठल्या तरी सरांचा हसरा फोटो असायचा, त्यातलेच एक आमचे सर. ते रसायनशास्त्र शिकवायचे. दोनशे पोरांपुढे माइकवर बोलून बोलून त्यांची अशी सवय झाली होती, की ऑफिसात आले तरी कॉलरचा माइक तसाच अडकवलेला असायचा आणि पुष्कळदा चालूही असायचा. मग "चाचा, माझा डबा आला का?" हे वरच्या मजल्यावरच्या अकरावीच्या दोन्ही बॅचेसना ऐकू जायचं. मी मूळची लोह्याची. बी.कॉम. नांदेडला झालं, तिथल्याच शाखेत आधी लागले आणि मग माझी इकडे बदली झाली. आपल्याला कॉम्प्युटरमधलं फार कळतं, असा तेव्हा माझा पक्का समज होता.

चाचा माझ्या कितीतरी आधीपासून तिथे होते. त्यांना सरांपासून शिपायापर्यंत सगळे चाचाच म्हणायचे. त्यांचे आजोबा आणि वडील कोर्टासमोर अर्जनवीस होते, म्हणजे लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. चाचांनी त्या धंद्यात टाइपरायटर आणला, मग टायपिंगची इन्स्टिट्यूट काढली. कॉम्प्युटर आले तशी ती बंद पडली आणि सरांनी त्यांना ऑफिसात घेतलं. टाइपरायटर सुटला, पण हात काही सुटले नव्हते. कीबोर्ड ते असा बडवायचे की वर्षाला दोन तरी कीबोर्ड कामी यायचे. ओळ संपली की डावा हात आपोआप वर जायचा आणि मॉनिटरच्या कडेला एक थप्पड बसायची. प्रत्येक ओळीला एक. सकाळी सरळ ठेवलेला मॉनिटर संध्याकाळपर्यंत दाराकडे तोंड करून बसलेला असायचा. तो परत वळवून ठेवणं हे माझं रोजचं शेवटचं काम होतं, आणि ते माझ्या नेमणूकपत्रात नव्हतं.

स्टेपलर त्यांनी कपाटात कुलपात ठेवला होता. मी एकदा मागितला तर म्हणाले, "टाचणी विचारून आत जाते, बेटा. हे न्हाई विचारत."

कुठलंही पत्र ते खालून वाचायला सुरुवात करायचे. कारण खाली डाव्या कोपऱ्यात 'सोबत' लिहिलेलं असतं: सोबत मार्कमेमो एक, सोबत फोटो दोन. आधी ते मोजून घ्यायचे आणि मगच वर काय लिहिलंय ते बघायचे. एकदा माझ्या मावसबहिणीच्या लग्नाची पत्रिका टपालाने ऑफिसच्या पत्त्यावर आली. चाचांनी ती उलटी केली, झटकली, पाकिटात फुंकर मारली आणि मला विचारलं, "अक्षता कुठायत?"

"नसतील घातल्या," मी म्हटलं.

"छापलंय ना, सोबत अक्षता पाठवत आहोत म्हणून? मावशीचा नंबर दे."

लोह्याला फोन लावून त्यांनी मावशीला अदबीनं विचारलं, "आपलं पत्र मिळालं. पण जोडपत्र न्हाई मिळालं." मावशीला वाटलं लातूरच्या कुठल्या तरी सरकारी खात्यातून चौकशी आली. तिने घाबरून दुसऱ्याच दिवशी एसटीच्या कंडक्टरबरोबर पुडी बांधून अक्षता धाडल्या. चाचांनी त्या पत्रिकेला टाचणीने जोडून फाइलला लावल्या. अजून असतील तिथे, उंदरांनी ठेवल्या असतील तर.

हा सगळा प्रकार मला तेव्हा निव्वळ विक्षिप्तपणा वाटायचा. मी नांदेडच्या मैत्रिणींना फोनवर चाचांचे किस्से रंगवून सांगायचे आणि आम्ही पोट धरून हसायचो.

पुढे फॉर्म आणि दाखले ईमेलने यायला लागले. मुरुडचा एक नेटकॅफेवाला, नायगावचा एक, औशाचा एक, असे ठिकठिकाणचे लोक पोरांचे कागद स्कॅन करून पाठवायचे. सकाळी मेल उघडला की शंभर शंभर मेल पडलेले. प्रत्येक उघडायचा, त्यातली फाइल उतरवायची, फोल्डरमध्ये टाकायची. मी वैतागून गेले होते. चाचा मात्र खूश होते, कारण आता जिकडे बघावं तिकडे जोडपत्रंच जोडपत्रं होती.

एक्सेलमध्ये मॅक्रो म्हणून एक सोय असते. कामाचा क्रम एकदा लिहून ठेवायचा, मग बटण दाबलं की कॉम्प्युटर ते काम आपोआप करत बसतो. हे चाचांना कुणीतरी सांगितलं. त्यांनी हैदराबादेहून विटेएवढं जाड इंग्रजी पुस्तक मागवलं आणि शिकायचा त्यांना माहीत असलेला एकमेव मार्ग धरला: पुस्तक जसंच्या तसं टाइप करायला घेतलं. पानांच्या आकड्यांसकट. कॉम्प्युटर चूक दाखवायचा, चाचा चष्मा वर करून म्हणायचे, "बराबर हाय की, एकशे बावन्नच पान हाय." मी तोंडावर ओढणी घेऊन हसायचे. पण दोन महिन्यांनी त्यांचा मॅक्रो चालला. खरंच चालला. त्यांनी तक्त्यात एक हिरवा चौकोन काढला, त्यावर 'चलो' लिहिलं आणि दाबलं. मॅक्रो मेलच्या पेटीत शिरला, एकेका मेलमधली फाइल काढून फोल्डरमध्ये ठेवू लागला आणि तक्त्यात आवक क्रमांक, पाठवणाऱ्याचं नाव, तारीख अशी नोंद करू लागला. मी तोंडात बोट घातलं.

फक्त एक भानगड होती. प्रत्येक फाइलपाशी मॅक्रो थांबायचा आणि पडद्यावर चौकट यायची. मराठी अक्षरं टाकली की त्या चौकटीत नुसती प्रश्नचिन्हं उमटायची, म्हणून चाचांनी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं: हुजूर, एक कागद आला. बघितला? खाली हो आणि नाही अशी दोन बटणं. 'नाही' दाबलं तर तीच चौकट परत. 'हो' दाबलं की दुसरी चौकट: नाव काय ठेवू? मग चाचा फाइल उघडून नीट बघायचे आणि नाव ठेवायचे. बाळाच्या बारशाला आत्या घेणार नाही एवढा वेळ घ्यायचे. 'मुरुड_कोपरा_फाटलेली_टीसी'. 'नायगाव_चहा_सांडलेला_मार्कमेमो'. एका फोटोचं नाव त्यांनी 'हसू_आवरलेला_मुलगा' असं ठेवलं होतं, आणि त्या नावाने तो फोटो लगेच सापडायचा, हे मला मान्य करावं लागलं.

म्हणजे आपोआप चालणारा मॅक्रो, आणि तो चालावा म्हणून दिवसभर समोर बसून 'हो' दाबणारा एक माणूस!

त्यात मुरुडच्या नेटवाल्याने आपल्या मेलखाली सहीसोबत एक गुलाबाचं चित्र लावलं होतं. मॅक्रोच्या हिशेबाने तीही एक फाइल. प्रत्येक मेलबरोबर एक गुलाब. मी म्हटलं, "चाचा, हे तर सोडा." चाचांना धक्काच बसला. "आला ना? मग नोंद." आठवड्याअखेरीस सरांनी विचारलं, एकूण किती कागद आले? चाचांनी तक्ता वाचून सांगितलं, "सहाशे बारा. पैकी गुलाब दोनशे साठ."

सरांना ऑफिस ऑटोमॅटिक असल्याचं पालकांना दाखवायची भारी हौस. एकदा नायगावकडचे पाच-सहा पालक घेऊन आले आणि माइकवरून म्हणाले, "इथं सगळं आपोआप होतं. माणसाचा हात लागत नाही." समोर चाचा हो, हो, हो करत बसलेले. एका पागोटेवाल्या बाबांनी थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, "सर, आपोआप हाय म्हंता, मग हे चाचा काय करून राहिले?"

सर गडबडले. "ते आपोआपकडं लक्ष ठेवून राहिलेत," म्हणाले.

पालक गेल्यावर सरांनी चाचांना बोलावलं. मीही होते. सर म्हणाले, "चाचा, ती चौकट काढा. मॅक्रो सरळ चालू द्या. मग तुम्हाला एवढं बसायची बी गरज न्हाई."

शेवटचं वाक्य ते सहज बोलले, पण ऑफिसात ते टाचणीसारखं पडलं आणि ऐकू आलं. चौकट गेली की चाचांचं काम गेलं, हे सरांनाही कळत होतं आणि चाचांनाही. घरी बसून काय करणार होते? इन्स्टिट्यूट गेलेली, मुलगा पुण्याला. त्यांना ही खुर्ची म्हणजे सगळं होतं.

चाचा म्हणाले, "सर, चौकट न्हाई निघणार. पण या खुर्चीवरून एक जोडपत्र जरी हरवलं, तर मी आपल्या पायांनी निघून जाईन. ही शर्त."

बाहेर आल्यावर सगळ्यांचं एकच मत पडलं: म्हातारा चलाख आहे, त्याने आपली खुर्ची त्या 'हो'च्या बटणाला बांधून ठेवलीय. माझंही तेच मत होतं. उलट मीच ते सगळ्यांत आधी बोलून दाखवलं.

एका दुपारी डबा खाताना मी त्यांना खोचून विचारलं, "चाचा, आलेली फाइल मॅक्रो ठेवतोच. तुम्ही बघून असं काय वेगळं होतं?"

चाचांनी चपातीचा घास खाली ठेवला. "आलेलं कोणीबी ठेवतं, बेटा. न आलेलं दिसलं पायजे."

मग ते भूकंपाबद्दल बोलले, पहिल्यांदाच. तेव्हा ते टाइपरायटर घेऊन छावणीत गेले होते आणि तंबूसमोर बसून लोकांचे अर्ज फुकट टाइप करत होते. एक बाई आली. तिची लहान मुलगी गेली होती. मुलीचा एकच फोटो, जत्रेत काढलेला, तोच अर्जाला लावायचा होता. चाचांनी टाइप केलं, सोबत फोटो एक, आणि टाचणीने लावला. अर्ज पुढे गेला, शिक्के पडले, मंजूर झाला. मधे कुठल्या तरी टेबलावर फोटो निघून पडला. अर्ज पुरा दिसत होता, म्हणून कुणालाच कळलं नाही.

"सहा महिन्यांनी बाई फोटो मागायला आली. तिला अर्जाचं काय घेणं? अर्ज धा येळा टाइप करून दिला असता मी." चाचा बोटांनी कॉलरखालच्या टाचण्या चाचपत होते. "टाचणी माझी होती ना."

मला खूप वाईट वाटलं. ते तासभर टिकलं. मग चाचांनी चार वाजता नव्वदावा गुलाब 'किंचित_कोमेजलेला_गुलाब' या नावाने आवक केला आणि माझी सहानुभूती संपली.

त्याच वर्षी भूकंपाच्या साली जन्मलेली पोरं अकरावीला आली. सरांनी जाहीर केलं, की भूकंपग्रस्त कुटुंबातल्या पोरांना फी माफ, फक्त भूकंपग्रस्त असल्याचा दाखला मेलने पाठवायचा. सरांच्या मनात जाहिरात होती हे खरं, पण चांगुलपणाही होता. कार्यक्रम ठरला, पडदा आणि प्रोजेक्टर ठरला, एक निवृत्त मुख्याध्यापक पाहुणे ठरले. आणि नेमके तेव्हाच चाचा पुतणीच्या लग्नाला चार दिवस उदगीरला गेले. जाताना मला म्हणाले, "घाई करू नको. बघून हो दाब."

पहिल्याच दिवशी गुलाबांनी पेटी भरली आणि नवीन मेल यायचे थांबले. सर धावत आले. "मॅडम, ती चौकट काढा. तुम्हाला येतं ना? चाचा यायच्या आत परत लावा." मला येत होतं, आणि येतं हे दाखवायची खाजही होती. मॅक्रोमध्ये एखादी ओळ बंद ठेवायची असेल तर तिच्या आधी एक छोटी उभी रेघ द्यायची. कॉम्प्युटर मग ती ओळ वाचतच नाही. चाचा त्या रेघेला टाचणी म्हणायचे. मी त्यांच्या दोन्ही चौकटींच्या ओळींना टाचण्या लावल्या. वर आपली अक्कल चालवून एक ओळ वाढवली: फाइल ठेवून झाली की मेल पुसून टाक. आणि कचरापेटीही रोज आपोआप रिकामी होईल अशी खूण केली. 'चलो' दाबलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पेटी साफ! सरांनी टाळी वाजवली, माइक चालू असल्यामुळे वरच्या दोन्ही बॅचेसनीही वाजवली.

कार्यक्रमाला हॉल भरला. सरांनी पहिल्या पोराचं नाव पुकारलं, पोरगं आईवडिलांसह उभं राहिलं, मी तक्त्यातल्या त्याच्या नोंदीवरून फाइल उघडली. पडद्यावर कागद आला. सरांना पडद्यावरचं मोठ्याने वाचायची सवय. ते वाचू लागले, "वांगी, चाळीस किलो."

हॉलमधल्या सगळ्या माना पडद्याकडे वळल्या.

"तूरडाळ, साठ किलो," सर बोलून गेले आणि थांबले. मी घाईघाईने दुसऱ्या पोराची फाइल उघडली. वांगी, चाळीस किलो. तिसऱ्या मुलीच्या नावावरही चाळीस किलो वांगीच निघाली तेव्हा मागून एक आजोबा म्हणाले, "लई मोठं लगीन दिसायलंय."

झालं होतं ते असं. मुरुडच्या नेटवाल्याचं स्कॅनर प्रत्येक कागदाला एकच नाव द्यायचं. एकसष्ट पोरांचे एकसष्ट दाखले, सगळ्या फाइलींचं नाव एकच. चाचा चौकटीत दर वेळी नवं नाव ठेवायचे, म्हणून आजवर निभावलं होतं. मी ती चौकटच बंद केली. मग मॅक्रोने दुसरा दाखला पहिल्याच्या जागी ठेवला, तिसरा दुसऱ्याच्या, आणि असं करत करत सगळ्यांत शेवटी, नेटवाल्याने आचाऱ्याला पाठवायची ती आपल्या भावाच्या लग्नाच्या सामानाची यादी चुकून आम्हाला पाठवली, ती सगळ्यांच्या जागी जाऊन बसली. मूळ मेल मी स्वतः पुसलेले. नेटवाल्याने आपल्याकडचे ठेवलेले नव्हते.

चाचा त्याच दुपारी उदगीरहून आले ते हातात लग्नाच्या मिठाईचा डबा घेऊनच. ऑफिसात सर होते, मी होते, आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. चाचांनी डबा ठेवला, मॅक्रो उघडला आणि हळूहळू खाली सरकवत वाचला. माझ्या दोन टाचण्यांपाशी त्यांचं बोट थांबलं. सरांनी पहिल्यांदाच माइक काढून खिशात ठेवला.

"कोणी केलं?" असं चाचांनी विचारलंच नाही. म्हणाले, "मॅक्रो माझा. खुर्ची माझी. हरवलं ते माझ्याकडून हरवलं."

खोलीत तिघं होतो, तिघांनाही खरं माहीत होतं आणि बोलला तो एकटा ज्याचा काही दोष नव्हता. मी तोंड उघडायला पाहिजे होतं. नाही उघडलं. आज इतक्या वर्षांनीही ते आठवलं की स्वतःची लाज वाटते.

मग ते मला म्हणाले, "चल. मुरुडची गाडी हाय आत्ता."

दोन दिवस आम्ही त्या नेटकॅफेत मुक्काम ठोकला. सकाळच्या गाडीने जायचो, संध्याकाळच्या गाडीने यायचो. चाचांनी प्रत्येक घरी फोन लावला. लोक प्लॅस्टिकच्या पिशव्यांत जपून ठेवलेले दाखले घेऊन आले. काहींनी बरोबर वांगीही आणली. लग्नाचं सामान क्लासला पाहिजे आहे अशी बातमी तोवर पसरली होती. चाचांनी वांग्यांचीही नोंद घेतली. नेटवाला दर पाच मिनिटांनी माफी मागायचा, आणि चाचा त्याला सांगायचे, "तुमचा काय कसूर न्हाई. गुलाब मात्र बंद करा आता." एकेक दाखला स्कॅन करायचा, नीट बघायचा, नाव ठेवायचं. एसटीत मी त्यांना म्हटलं, "चाचा, मी उद्या सरांना सांगते, चूक माझी होती."

"सरांना म्हाईत हाय," ते म्हणाले आणि दोघांची तिकिटं घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, "टाचण्या मात्र बराबर जागी लावल्या होत्यास."

साठ दाखले मिळाले. एकसष्टावा मिळाला नाही. एका मुलीच्या वडिलांनी मूळ दाखला कुठल्याशा नोकरीच्या अर्जाला लावून दिला होता आणि तो परत आला नव्हता. आमच्याकडे आला होता तेवढाच स्कॅन, आणि तो मी पुसला होता. बाप दारातच उभा राहिला, आत येईना. मुलगी त्याच्या मागे. चाचांनी तिला खुर्ची दिली, एक कोरा कागद घेतला, त्यावर तिचं नाव आणि खाली 'हा कागद यायचा आहे' असं लिहिलं, आणि कॉलरखालची सातवी टाचणी काढून तो तिच्या फॉर्मला लावला.

सरांनी तो कागद बघितला आणि मुलीची फी माफ केली. मग मी सगळं कबूल केलं, तेव्हा सरही म्हणाले, सांगितलं मीच होतं. त्यांनी चाचांना राहा म्हणून विनवलं, चौकट कायम ठेवतो म्हणाले, गुलाबसुद्धा पुन्हा चालू करायला सांगतो म्हणाले. चाचा हसले. "शर्त म्हंजे शर्त, सर." राजीनामा त्यांनी टाइप करून आणला होता. मी तो खालून वाचला: सोबत कपाटाची किल्ली एक. किल्ली होती.

जाताना त्यांनी मॉनिटरला शेवटची थप्पड मारली आणि तो स्वतःच सरळ करून ठेवला.

त्यांचं काम माझ्याकडे आलं. मी माझ्या टाचण्या काढल्या, दोन्ही चौकटी परत चालू केल्या. पण त्यांच्या खुर्चीवर बसायचा मला धीर होईना. बाजूला स्टूल ओढून, कीबोर्ड आपल्याकडे घेऊन, तिरकी बसून मी महिनोन्‌महिने हो दाबत राहिले. मान आखडली. सर म्हणायचे, मॅडम, खुर्ची रिकामी आहे की. मी ऐकलं न ऐकलं करायचे.

दिवाळीनंतर एका सकाळी चाचांचा मेल दिसला. मॅक्रो त्याच्यापाशी न थांबता पुढच्या कागदापाशी जाऊन थांबला होता, कारण त्यात फाइलच नव्हती. मी उघडला. सवयीने खालून वाचला. सोबत जोडले आहे. वर एवढंच: बेटा, पोच द्यावी.

मी वर बघितलं, खाली बघितलं, दोनदा उघडून बंद केला. काही जोडलेलं नव्हतं. चाचांच्या हातून असं होणं म्हणजे त्यांची तब्येत बरी नसणार. मी फोन लावला.

"चाचा, बरे आहात ना? तुमचं पत्र मिळालं. जोडपत्र न्हाई मिळालं."

पलीकडे चाचा हसायला लागले, खोकला येईपर्यंत हसले.

"जोडलंच न्हवतं, बेटा. सरांनाबी हाच मेल टाकला होता, चार दिवस झाले. त्यांचा जबाब आला, 'मिळालं, छान आहे, धन्यवाद.'"

मीही हसले, आणि हसता हसता रडू आलं ते त्यांना कळू नये म्हणून फोन जरा लांब धरला.

"कुठं बसून बोलून राहिलीस?" त्यांनी विचारलं.

"स्टुलावर."

"अजून? मग माझी खुर्ची कोणासाठी ठेवलीस? ऊठ. बस तिच्यावर."

मी उठले. स्टूल मागे सरकवलं आणि खुर्चीत बसले. ती माझ्यासाठी जरा उंच होती, पाय नीट टेकत नव्हते.

"बसलीस?"

"हाव," मी म्हटलं.

त्यांनी फोन ठेवला. पडद्यावर मघाची चौकट तशीच थांबून होती. हुजूर, एक कागद आला. बघितला? मी फाइल उघडली. औशाकडच्या एका पोराचा मार्कमेमो होता, वरच्या कोपऱ्यात हळदीचं बोट लागलेलं. तो खालपासून वरपर्यंत बघितला आणि मग हो दाबलं.